चव्वेचाळीस पाय, चाळीस पिना : छोट्या रोबोच्या अडॅप्टर बोर्डाचे झाळकाम

छंद म्हणून बांधल्या जाणाऱ्या छोट्या रोबोमध्ये सर्वांत कमी चर्चा ज्या भागाची होते तो भाग म्हणजे अडॅप्टर बोर्ड. चाकांचा व्यास, मोटरचा वेग, सेन्सरांची मांडणी आणि प्रोग्राममधील युक्त्या यांवर विद्यार्थी तासन्‌तास बोलतात. परंतु ज्या छोट्या हिरव्या पट्टीवर मायक्रोकंट्रोलर बसवलेला असतो आणि जिच्या पिनांमधून तो रोबोच्या मुख्य बोर्डाशी जोडला जातो, ती पट्टी बाजारातून तयार आणण्याची वस्तू मानली जाते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या वाहिन्या हे सारे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर सामावलेली आयसी. आणि अडॅप्टर बोर्ड म्हणजे त्या आयसीचे बारीक, दाट पाय रोबोच्या बोर्डावरील मोठ्या, ऐसपैस सॉकेटपर्यंत पोहोचवणारा मधला दुवा. रोबो शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हा बोर्ड एकदा तरी स्वतःच्या हाताने झाळला पाहिजे, कारण मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक पायाचे काम समजून घेण्याची जेवढी सक्ती या कामात होते तेवढी प्रोग्राम लिहिताना होत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अशा मधल्या दुव्याची गरज का पडते, हे आयसीच्या बाह्य आवरणाच्या इतिहासावरून कळते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीत जन्मलेल्या ‘डिप’ या आवरणात पायांच्या दोन समांतर रांगा असतात आणि लगतच्या दोन पायांच्या मध्यांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे एक दशांश इंच, अंतर असते. हे अंतर हाताने झाळण्यास सोयीचे, ब्रेडबोर्डवर बसणारे आणि डोळ्यांना सहज दिसणारे असल्यामुळे शिक्षणक्षेत्राने ते मनापासून स्वीकारले, आणि महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत आजही जो झिरो पीसीबी वापरला जातो त्याची भोके याच अंतरावर असतात. उद्योगाची गरज मात्र वेगळी होती. यंत्राने बोर्डाच्या पृष्ठभागावर ठेवता येणारी आणि कमी जागा घेणारी आवरणे त्याला हवी होती. त्यांतून ‘टीक्यूएफपी’ हे चारही बाजूंना पाय असलेले चपटे चौकोनी आवरण रूढ झाले. यातील पायांचे अंतर ०.८ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. आज अनेक मायक्रोकंट्रोलर फक्त चपट्या आवरणांतच मिळतात, तर रोबोचे शरीर बांधणारा विद्यार्थी अजून २.५४ मिलिमीटरच्या जगात राहतो. ही दोन मापे एकमेकांना भेटतात ती अडॅप्टर बोर्डावर.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. पवई येथील आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातील एम्बेडेड रिअल-टाइम सिस्टिम्स ही प्रयोगशाळा आणि नेक्स रोबोटिक्स ही कंपनी यांनी मिळून ‘फायर बर्ड-५’ हा शैक्षणिक रोबो तयार केला, जो पुढे केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या ई-यंत्र या उपक्रमातून देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचला. या रोबोचे वैशिष्ट्य असे की त्याचे शरीर एकच असून त्यावर तीन वेगवेगळ्या कुळांतील मायक्रोकंट्रोलरांचे अडॅप्टर बोर्ड बसवता येतात: एव्हीआर कुळातील एटीमेगा२५६०, ८०५१ कुळातील पी८९व्ही५१आरडी२ आणि एआरएम७ कुळातील एलपीसी२१४८. मोटर, सेन्सर, डिस्प्ले आणि बॅटरी यांना हात न लावता निर्णय घेणारा भाग बदलता येतो. त्यामुळे एकाच रोबोवर तीन पिढ्यांची संगणकीय विचारपद्धती शिकवणे शक्य होते. या रचनेमागील दृष्टी खरोखर कौतुकास पात्र आहे, कारण अभ्यासक्रम बदलला म्हणून किंवा एखादी आयसी बाजारातून नाहीशी झाली म्हणून संपूर्ण रोबो अडगळीत टाकण्याची वेळ तीमुळे टळते.

अर्थात ही अदलाबदल दिसते तितकी सरळ नसते, आणि तिची सर्व अवघडता अडॅप्टर बोर्डाने आपल्या अंगावर घ्यायची असते. एटीमेगा२५६०ला १०० पाय असून त्यांपैकी ८६ पाय आदान-प्रदानासाठी वापरता येतात, तर पी८९व्ही५१आरडी२ला असे पाय केवळ ३२ आहेत आणि सेन्सरचा चढउतार होणारा व्होल्टेज अंकांत रूपांतरित करणारी सोय त्याच्या पोटात नाही. एलपीसी२१४८ ३.३ व्होल्टवर चालतो, तर हौशी रोबोंतील बहुतेक मंडले ५ व्होल्टची असतात. म्हणजे मेंदू बदलताना पायांची संख्या, व्होल्टेज आणि क्षमता ही तिन्ही बदलतात. कोणती वाहिनी कोणत्या पिनवर आणायची, कोणती सोडून द्यायची आणि कोठे व्होल्टेज उतरवायचा हे अडॅप्टर बोर्ड आखणाऱ्याला ठरवावे लागते. क्रिस्टल, म्हणजे मायक्रोकंट्रोलरला कामाचा ठेका पुरवणारा कंपक, अडॅप्टर बोर्डावरच बसवतात तो याच कारणाने, कारण ठेका मेंदूचा असतो, शरीराचा नसतो. फायर बर्डच्या एटीमेगा२५६० आवृत्तीत १४.७४५६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल वापरला आहे. हा विचित्र वाटणारा आकडा १६ने आणि नंतर १,१५,२००ने भागला असता बरोबर ८ येतात, त्यामुळे संगणकाशी क्रमाक्रमाने होणारे संदेशवहन अचूक वेगाने चालते. त्याच जागी १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असता तर नेहमीच्या मांडणीत त्या वेगात सुमारे साडेतीन टक्क्यांची चूक राहिली असती.

अडॅप्टरची कल्पना एव्हीआर कुळाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी या कुळाचा मूळ आराखडा केला आणि ॲटमेल कंपनीने १९९०च्या दशकात तो बाजारात आणला. पुढे २०१६ साली मायक्रोचिप कंपनीने ॲटमेल विकत घेतली. सुरुवातीच्या एटी९०एस८५१५ या आयसीच्या चाळीस पायांची मांडणी मुद्दाम इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१शी जुळती ठेवली होती, जेणेकरून जुन्या सॉकेटमध्ये नवी आयसी सहज बसावी. तरीही एक फरक राहिला: ८०५१चा रिसेट पाय, म्हणजे आयसीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारा पाय, व्होल्टेज चढल्यावर काम करतो, तर एव्हीआरचा तो उतरल्यावर करतो. बाकी सारे जुळूनही हा एक पाय उलटा असल्यामुळे मधे काही ना काही जुळवणूक करावीच लागे. पायांची जागा जुळणे म्हणजे पायांचा अर्थ जुळणे नव्हे, हे रोबो बांधणाऱ्याने या उदाहरणावरून लक्षात ठेवावे.

आता हाताने झाळता येईल असे एक नेमके उदाहरण घेणे इष्ट ठरेल. भारतातील हौशी रोबोकारांच्या ओळखीचा एटीमेगा३२ हा मायक्रोकंट्रोलर चाळीस पायांच्या डिप आवरणातही मिळतो आणि चव्वेचाळीस पायांच्या टीक्यूएफपी आवरणातही मिळतो. रोबोच्या मुख्य बोर्डावर चाळीस पिनांचे जुने सॉकेट असेल आणि हाती चपटी आयसी असेल, तर चव्वेचाळीस पाय चाळीस पिनांवर आणणारा अडॅप्टर बोर्ड लागतो. आयसीचे अंग १० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचे, पायांचे अंतर ०.८ मिलिमीटर; सॉकेटच्या दोन रांगांमधील अंतर १५.२४ मिलिमीटर. आयसीच्या चार बाजू आणि सॉकेटच्या दोन रांगा यांमध्ये जी चिंचोळी जागा उरते तीतून सर्व ट्रॅक, म्हणजे बोर्डावरील तांब्याच्या वाटा, न्यायच्या असतात.

चारच पाय जास्त का, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात या आयसीची सारी विद्युत्‌व्यवस्था दडलेली आहे. आदान-प्रदानाचे ३२ पाय, रिसेटचा एक आणि क्रिस्टलचे दोन ही संख्या दोन्ही आवरणांत सारखीच असते. तसेच सेन्सरच्या व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणाऱ्या भागाला वीज देणारा एव्हीसीसी आणि त्या रूपांतराचे प्रमाण ठरवणारा एरेफ हे दोन पायही दोन्हींकडे एकेकच असतात. फरक पडतो तो मुख्य वीजपुरवठ्यात. डिप आवरणात व्हीसीसीचा एक व ग्राउंडचे दोन पाय आहेत, तर चपट्या आवरणात व्हीसीसीचे तीन आणि ग्राउंडचे चार आहेत. म्हणजे वाढलेले चारही पाय केवळ वीज आत आणण्यासाठी आणि बाहेर नेण्यासाठी आहेत. शिवाय ते जोडीजोडीने बसवले आहेत: ५ व ६, १७ व १८, २७ व २८, ३८ व ३९ या प्रत्येक जोडीत एक पाय पुरवठ्याचा आणि शेजारचा ग्राउंडचा. आयसीच्या आतील असंख्य स्विच एकाच ठोक्याला उघडझाप करतात तेव्हा क्षणभर विजेची मोठी ओढ लागते. ती भागवण्यासाठी प्रत्येक जोडीच्या अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर बसवतात, जो त्या क्षणापुरता वीजसाठा पुरवतो आणि ज्याला डीकपलिंग कपॅसिटर म्हणतात. जोडीतील पाय शेजारी असल्यामुळे हा कपॅसिटर त्यांच्यासमोर आखूड ट्रॅकने जोडता येतो. अनेक स्वस्त, तयार अडॅप्टर पट्ट्यांवर या कपॅसिटरांना जागाच ठेवलेली नसते, आणि अशा पट्टीवर बसवलेला मायक्रोकंट्रोलर टेबलावर नीट चालतो पण मोटर सुरू होताच भरकटतो. तशी पट्टी न घेणेच शहाणपणाचे. घेतलीच तर कपॅसिटर जोडीच्या पायांजवळ हाताने झाळून घ्यावेत.

झाळणे म्हणजे नेमके काय, याविषयी एक समज फार रुजलेला आहे, तो असा की सोल्डर हा वितळून घट्ट होणारा एक प्रकारचा डिंक आहे. वस्तुतः वितळलेल्या सोल्डरमधील कथील तांब्याशी संयोग पावते आणि दोन्हींच्या सीमेवर तांबे व कथील यांचे एक अतिशय पातळ संयुग तयार होते. जोडाची खरी पकड त्या संयुगात असते. हे घडण्यासाठी वितळलेल्या धातूने तांब्याला भिजवावे लागते, म्हणजे त्याच्यावर थेंबासारखे गोळा न होता पसरावे लागते, आणि तांब्यावर ऑक्साइडचा थर असेल तर ते पसरत नाही. जुन्या मराठी घरांना परिचित असलेली कल्हई याच तत्त्वावर चालते: कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून तांब्या-पितळेचा पृष्ठभाग निर्मळ करतो आणि मगच कथील फिरवतो, आणि ते चकचकीत पातळ थराने भांड्याला धरते. बोर्डावर नवसागराची जागा फ्लक्स घेतो. इलेक्ट्रॉनिक कामाचा फ्लक्स बहुधा चीडवृक्षाच्या राळेपासून केलेला असतो. तो थंड असताना निष्क्रिय असतो आणि तापल्यावर सौम्य आम्लासारखा वागून ऑक्साइड दूर करतो. नळकामासाठी मिळणारी तीव्र पेस्ट या कामात कधीही वापरू नये, कारण तिचा उरलेला अंश बारीक ट्रॅक महिनोन्‌महिने खात राहतो.

सोल्डरची निवडही विचारपूर्वक करावी लागते. शुद्ध कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शुद्ध शिसे सुमारे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, एकदम वितळून एकदम घट्ट होते. ६० आणि ४० या प्रमाणातील स्वस्त तार काही अंशांच्या पट्ट्यात अर्धवट घट्ट, अर्धवट मऊ राहते, आणि त्या क्षणी आयसी हलली तर जोड खडबडीत व दुबळा होतो. दुरुस्ती करणारे कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात त्या दोषाचे हे एक कारण आहे. तांबे पुरेसे न तापणे हे दुसरे आणि अधिक वारंवार आढळणारे कारण. शिसेविरहित तार, जीत कथिलासोबत थोडी चांदी व तांबे असते, २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि तिचा जोड चांगला असतानाही काहीसा निस्तेज दिसतो, त्यामुळे चमक पाहून जोडाची परीक्षा करण्याची सवय असलेल्याची फसगत होऊ शकते. शिकणाऱ्याने ६३-३७ प्रमाणाची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची, पोटात राळ असलेली तार घ्यावी.

सोल्डरिंग आयर्नविषयीही एक गैरसमज आहे. बारीक कामाला बारीक टोक हवे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण सुईसारखे अणकुचीदार टोक उष्णता पुरेशी पोहोचवू शकत नाही. पाचर किंवा तिरके कापलेले टोक, जे स्वतः दोन-तीन पायांइतके रुंद असते, तेच चपट्या आयसीसाठी अधिक उपयोगी ठरते. तापमान नियंत्रित करता येणारे आयर्न असेल तर शिसेयुक्त तारेसाठी ३२० ते ३५० अंशांची मर्यादा पाळावी. साधे २५ वॉटचे आयर्न तापत राहते आणि रिकामे ठेवले की टोक काळे पडते. त्याने हे काम होतच नाही असे नाही, परंतु टोक वारंवार पुसण्याची आणि कथिलाने ओले ठेवण्याची शिस्त लागते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात आयसीपासून करावी, कारण उंच पिना आधी बसवल्या तर आयर्न तिरके धरायला जागा उरत नाही. आयसीच्या एका कोपऱ्यातील ठिपका पहिला पाय दाखवतो आणि बोर्डावरही तशीच खूण असते. त्या जुळल्याची खात्री करावी, कारण चपटी आयसी चार दिशांनी बसू शकते आणि त्यांतील एकच दिशा बरोबर असते. कोपऱ्यातील एका पॅडवर, म्हणजे पाय टेकण्याच्या तांब्याच्या ठिकाणावर, थोडे सोल्डर आधी लावून चिमट्याने आयसी जागेवर ठेवतात आणि ते सोल्डर पुन्हा वितळवून एकच पाय अडकवतात. इथे घाई करू नये. भिंगातून चारही बाजू पाहाव्यात. एका बाजूचे पाय पॅडच्या मध्यावर असून दुसऱ्या बाजूचे सरकलेले दिसले, तर एकच जोड पुन्हा वितळवून आयसी फिरवणे अद्याप सोपे असते. मांडणी समाधानकारक वाटल्यावर समोरचा कोपरा अडकवावा, आणि त्यानंतर आयसी पुन्हा हलवण्याचा विचार सोडून द्यावा.

यापुढची पायरी पाहणाऱ्याला आश्चर्याची वाटते. चारही रांगांवर सढळ हाताने फ्लक्स लावून, आयर्नच्या रुंद टोकावर सोल्डरचा छोटा थेंब घेऊन तो रांगेवरून एका संथ गतीने ओढत नेला, की थेंब प्रत्येक पायापाशी आपल्यातला थोडा भाग सोडतो आणि पुढे सरकतो. पायांमधल्या जागेत सोल्डर राहत नाही, कारण बोर्डाच्या तेथील हिरव्या मुलाम्याला ते भिजवू शकत नाही आणि पृष्ठताण त्याला तांब्याकडे खेचतो. फ्लक्स संपला की हे सारे बिघडते. ऑक्साइडचे कवच धरलेले सोल्डर ताणले जाते आणि दोन पायांमध्ये पूल तयार होतो. नवशिके अशा वेळी आणखी सोल्डर लावतात किंवा आयर्नचे तापमान वाढवतात, परंतु गरज असते ती पुन्हा फ्लक्स लावण्याची. तरीही उरलेला पूल तांब्याच्या विणलेल्या डिसोल्डर वीकने, म्हणजे जास्तीचे सोल्डर शोषून घेणाऱ्या फितीने, काढता येतो. फीत पायांवर घासू नये, कारण ०.८ मिलिमीटरच्या अंतरावरील पाय वाकायला फार जोर लागत नाही. ज्या पॅडला ग्राउंडचा रुंद तांब्याचा पट जोडलेला असतो तिथे उष्णता पटाकडे पळून जाते, म्हणून ६, १८, २८ आणि ३९ या पायांपाशी आयर्न क्षणभर अधिक थांबवावे लागते.

आयसीनंतर कपॅसिटर, रिसेटला व्हीसीसीकडे ओढून धरणारा १० किलोओहमचा रोधक आणि क्रिस्टल व त्याचे दोन छोटे कपॅसिटर बसवतात, आणि अगदी शेवटी बर्ग स्ट्रिप, म्हणजे अडॅप्टर बोर्ड ज्यांच्यावर उभा राहतो त्या पिनांच्या दोन रांगा. या पिना आधी रोबोच्या सॉकेटमध्ये किंवा ब्रेडबोर्डवर खोचून, त्यांवर अडॅप्टर बोर्ड ठेवून मग झाळल्या तर सरळ राहतात. सॉकेट प्लॅस्टिकचे असल्याने एका पिनवर फार वेळ रेंगाळू नये. याच पिनांवर रोबोचा प्रत्येक हादरा येतो. पिवळ्या बीओ मोटरचे दाते, कॅस्टर चाकाची खडखड, टेबलावरून खाली पडणे, बोर्ड काढताना एका बाजूने उचकटणे या सर्वांचा ताण बर्ग स्ट्रिपच्या जोडांवर पडतो, आयसीच्या पायांवर नाही. त्यामुळे झाळकामाची सर्वाधिक नजाकत आयसीला आणि सर्वाधिक मजबुती पिनांना द्यावी. बोर्डाचा पदार्थही इथे फरक करतो: स्वस्त हायलम पट्टीवरील पॅड उष्णतेने व ओढण्याने लवकर सुटतात, तर ग्लास इपॉक्सीवरील तांबे घट्ट चिकटलेले असते.

वीज जोडण्यापूर्वीची तपासणी हा या संपूर्ण कामाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे, आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक लगतच्या जोडीमध्ये आवाज येत नाही ना, आणि प्रत्येक पायापासून त्याच्या ठरलेल्या पिनपर्यंत आवाज येतो ना, हे दोन्ही पाहावे लागते; मीटरचे टोक पायाच्या वरच्या भागावर टेकवावे, पॅडवर नव्हे, आणि तेही दाबू नये, कारण दाबाने तुटका जोड तात्पुरता जुळतो. इथे पायांच्या क्रमाचे ज्ञान उपयोगी पडते. ५ व ६ यांच्यात पूल झाला तर सरळ शॉर्ट होतो. ४ व ५ यांच्यात झाला तर रिसेटचा पाय व्हीसीसीला जखडला जातो, त्यामुळे आयसीत आधीचा प्रोग्राम असल्यास तो चालतो पण नवा भरता येत नाही, आणि विद्यार्थी प्रोग्रामरची केबल बदलत बसतो. २८ व २९ जुळले तर एरेफ ग्राउंडला जातो आणि सेन्सरचे सर्व वाचन निरर्थक होते. व्हीसीसी व ग्राउंड यांच्यात मीटर लावताच क्षणभर बीप होऊन थांबली तर घाबरू नये. ती कपॅसिटर भरण्याची खूण असते. बीप थांबलीच नाही तर मात्र वीज जोडू नये.

सगळे जोड निर्दोष असूनही एक दोष झाळकामावर ढकलला जातो, त्याची नोंद इथे केलीच पाहिजे. एटीमेगा३२ कारखान्यातून येतो तेव्हा त्याची जेटॅग ही तपासणीची सोय चालू असते आणि ती पोर्ट सीचे २ ते ५ क्रमांकाचे चार पाय आपल्याकडे राखून ठेवते. त्या पायांवर मोटर ड्रायव्हर जोडला असेल तर रोबोचे एक चाक किंवा दोन्ही चाके निश्चल राहतात, आणि चारही पाय चपट्या आवरणात एका कोपऱ्याभोवती लागोपाठ, २१ ते २४ क्रमांकांवर असल्यामुळे तो कोपराच नीट झाळला नाही असा संशय येतो. फ्यूज, म्हणजे आयसीच्या मूलभूत वर्तनाच्या कायम साठवलेल्या निवडी, बदलून जेटॅग बंद केली की पाय मोकळे होतात. तसेच नवी आयसी बाहेरच्या क्रिस्टलवर नव्हे, तर आतल्या १ मेगाहर्ट्‌झच्या कंपकावर चालत असते. क्रिस्टल कितीही उत्तम झाळला तरी फ्यूज बदलल्याशिवाय आयसी त्याच्याकडे पाहत नाही. उलट, क्रिस्टलचा एखादा जोड कच्चा असताना फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर नेला तर ठेकाच मिळत नाही आणि प्रोग्रामर आयसी सापडत नसल्याचे सांगतो. आयसी जळाली असे समजून ती फेकण्यापूर्वी ७ व ८ या पायांचे जोड पुन्हा तापवून पाहावेत.

शिशाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध घातले, आणि भारताच्या ई-कचऱ्याविषयीच्या २०११ सालच्या नियमांनीही ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याचा धोका नगण्य असतो. दिसणारा धूर राळेचा असतो, आणि तो वारंवार हुंगल्याने दम्याचा विकार जडू शकतो. शिसे शरीरात जाते ते बोटांवरून तोंडावाटे. म्हणून खिडकीजवळ किंवा पंख्याने धूर बाजूला जाईल अशा रीतीने बसावे, झाळकामाच्या टेबलावर खाऊ नये आणि उठल्यावर साबणाने हात धुवावेत. घरात लहान मूल असेल तर शिसेविरहित तार वापरणे श्रेयस्कर, जरी तिच्यावर हात बसायला थोडा अधिक वेळ लागत असला तरी.

साहित्याची अडचण महाराष्ट्रात नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर येथे आयसी, बर्ग स्ट्रिप, ग्लास इपॉक्सी पट्ट्या, वीक आणि फ्लक्स हे सारे सुट्या नगावर मिळते. अडचण आहे ती वृत्तीची. जर्मन अवकाश संशोधन केंद्राच्या ओबरफाफनहोफेन येथील संस्थेने शाळकरी मुलांसाठी ‘असुरो’ नावाचा छोटा रोबो केला, तेव्हा तो सुट्या भागांच्या रूपात देऊन मुलांकडून झाळून घेण्याची पद्धत त्यांनी ठेवली, आणि जमिनीवर टेकण्यासाठी चाकाऐवजी टेबल टेनिसच्या चेंडूचा अर्धा तुकडा वापरला. उपग्रह घडवणाऱ्या देशातील एका अग्रगण्य संस्थेला मुलांच्या हातात आयर्न देणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्याकडे मात्र रोबोच्या कार्यशाळांत तयार बोर्ड, तयार तारा आणि तयार प्रोग्राम वाटून दोन दिवसांत रोबो धावताना दाखवण्यावर भर दिला जातो. धावणारा रोबो पाहून आनंद होतो हे खरे आहे आणि त्या आनंदाचे मोलही आहे, परंतु तो बिघडला की दुरुस्त करण्याचे ज्ञान त्या दोन दिवसांत विद्यार्थ्याच्या हाती आलेले नसते. ज्याने चव्वेचाळीस पाय एकेक करून तपासले आहेत, तो मोटर सुरू होताच रोबो का भरकटतो या प्रश्नाला प्रोग्राममध्ये उत्तर शोधत बसत नाही. तो आधी १७ व १८ या पायांजवळचा कपॅसिटर पाहतो.

पुण्यात २००८ आणि २०१४ साली एबीयू रोबोकॉनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि राज्यातील महाविद्यालयांत रोबो बांधणाऱ्यांचा उत्साह तेव्हापासून ओसरलेला नाही. या महाविद्यालयांनी आणि ज्या शाळांत रोबोटिक्सचे वर्ग चालतात त्यांनी पुढील वर्षाच्या खर्चात तयार बोर्डांचा एक संच कमी घ्यावा आणि त्या पैशांत तापमान नियंत्रित करता येणारी दोन आयर्न, एक चांगले भिंग, फ्लक्स आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक कोरा अडॅप्टर बोर्ड व एक चपटी आयसी घ्यावी. पहिल्या प्रयत्नात काही आयसी वाया जातील. तो खर्च शिक्षणाचा समजून मंजूर करावा.